दाजींनी कापलेले ठिपके

माझे दाजी हणमंतराव, म्हणजे थोरल्या बहिणीचे, अनुसयाअक्काचे यजमान, रेल्वेत हेल्थ इन्स्पेक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. जयपुरात बनी पार्कातल्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजवली की दार उघडायच्या आधी आतून आवाज येतो, "चपला भाईर." मग दार उघडतं. मग बेसिनकडे बोट. हात धुवून झाले की मगच, "ये जना, बस." मी फौजेतून सुभेदार म्हणून सुटलो. शेवटची बदली जयपूरच्या छावणीत होती, म्हणून इथंच विद्याधर नगरात घर केलं. बंदूकधारी पहारेकऱ्यांसमोरून मी आयुष्यभर छाती काढून आतबाहेर केलं, पण दाजींच्या उंबऱ्यावर आजही बिचकतो.

मेहुण्याला दाजींची थट्टा करायचा हक्क असतो आणि मी तो पुरेपूर वसूल केलेला आहे. आताही थट्टेनंच सांगायला बसलोय. मध्येच आवाज बदलला तर तो माझा दोष समजू नका, त्या उन्हाळ्यात घडलंच तसं.

दाजी आमच्या कराडकडचे, नदीकाठच्या एका लहानशा गावातले. त्यांचा पाठचा भाऊ लहानपणी हगवणीनं गेला. सकाळी खेळत होता, संध्याकाळी नव्हता. दाजींनी हे मला एकदाच सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. गावच्या विहिरीचं पाणी दिसायला अगदी निवळ होतं, एवढं मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यानंतर जे पाणी निवळ दिसतं त्याच्यावर ह्या माणसानं कधी विश्वास ठेवला नाही.

नोकरीही मग तशीच मिळाली. फुलेरा, बांदीकुई, अजमेर, शेवटी जयपूर. फलाटावरच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग पिवळा येतो का बघायचं. पिवळा आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे दाजी सुखी. हातात टॉर्च, खिशात भिंग आणि एक लांब दांड्याची पांढरी पळी. टाकीत, हौदात, कूलरमध्ये पळी बुडवून वर काढायची आणि डासांच्या अळ्या वळवळतात का ते बघायचं. एकदा एका स्टेशनावर मोठे साहेब येणार होते आणि दाजींनी नेमकी त्याच दिवशी पिण्याची टाकी बंद करून टाकली. साहेब ओरडले, दाजी जागचे हलले नाहीत. नंतर टाकी उपसली तेव्हा तळाशी काय निघालं ते अक्काच्या देखत सांगता येत नाही. त्या गावात किती माणसं त्यांच्यामुळे आजारी पडली नाहीत हे कुणी मोजलं नाही, कारण जे आजारी पडलेच नाहीत ते दवाखान्यात येत नाहीत. मला ह्या माणसाचा अभिमान आहे, तो असा.

पण घरात असा माणूस म्हणजे वैताग. भाजी ब्लीचिंगच्या पाण्यातून निघाल्याशिवाय ओट्यावर यायची नाही. अक्कानं देवाची फुलं कुंडीत टाकली तर, "त्यात पाणी साठतं, डास व्हत्यात," म्हणून व्याख्यान. कोरोनाचे दिवस आले तेव्हा सगळा देश दाजींसारखा वागायला लागला आणि दाजींच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, की मी एवढी वर्षं काय सांगत होतो.

अशा घरात सुरुची सून म्हणून आली. दाजींच्या मुलाची, म्हणजे माझ्या भाच्याची, संकल्पची बायको. तिचे वडीलही फौजेतले. ती वाढली इथंच, छावणीतल्या शाळेत, त्यामुळे तिचं मराठी चालता चालता हिंदीत पाय घसरून पडतं. युनिव्हर्सिटीत तिचं संशोधन वनस्पतिशास्त्रात, त्यातही शेवाळ आणि त्याच्या नात्यातली झाडं. राजस्थानात राहून शेवाळाचा अभ्यास करायचा म्हणजे काय, हे मी तिला पहिल्या दिवशीच विचारलं होतं. ती म्हणाली, "मामाजी, इथे कमी आहे ना, म्हणूनच."

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिनं कुठूनतरी ओल्या मातीचे डबे घरी आणले. दाजी दारात उभे राहिले. डब्यात डोकावले आणि म्हणाले, "ही घाण घरात न्हाई. गच्चीवर ठिव." तिनं गच्चीवर ठेवले. जयपूरचं ऊन, दुपारपर्यंत सगळं कुरकुरीत झालं. पोरगी एक अक्षर बोलली नाही. बाबा म्हणायची, वेळेवर चहा द्यायची, सणाला वाकून नमस्कार करायची. पण त्या दिवसानंतर तिनं घरी कधी पानसुद्धा आणलं नाही. सून घरात राहायची आणि तिचं काम दाराबाहेर. दाजींना हे कळत होतं. कळत होतं पण बोलायचं कसं, हे रेल्वेनं शिकवलं नव्हतं.

मग गेल्या मे महिन्यात, निवृत्तीनंतर नाशिकला राहणारे तिचे वडील घरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं, सुरुचीला जाणं भाग होतं. संकल्प कामासाठी बिकानेरला. युनिव्हर्सिटीला सुट्टी लागलेली, सोबतचे सगळे आपापल्या गावी, आणि तिची रोपं जिथं असायची त्या खोलीचं थंड करायचं यंत्र नेमकं बंद पडलेलं. सुरुची काचेच्या तीन पेट्या घेऊन दारात उभी राहिली. आत आली नाही, चपला काढून उंबऱ्याबाहेरच थांबली.

मी त्या दिवशी तिथं होतो. पेटीत धुतलेली वाळू आणि तिच्यावर चिकटून वाढलेली हिरवी, चपटी, झालरीसारखी रोपं. काहींतून बारीक शिंगं उभी राहिलेली. हॉर्नवर्ट म्हणतात म्हणे. मला तर पाण्याच्या टाकीखाली पाय घसरतो तसलंच काहीतरी वाटलं.

"बाबा, ही माउंट आबूची आहेत," ती म्हणाली. "एका ओढ्याजवळ, देवळाच्या खाली, फक्त एका दगडावर मिळाली होती. नंतर तिथे पार्किंग बनवली, सिमेंट टाकलं. मतलब, आता एवढीच आहेत. ही गेली तर माझं चार वर्षांचं काम गेलं. मागच्या खोलीत ठेवू का? कूलर आहे म्हणून."

दाजींनी पेट्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आण," म्हणाले.

तिनं सगळं समजावून दिलं. सकाळ-संध्याकाळ ह्या बाटलीतलं पाणी फवारायचं, उन्हात ठेवायचं नाही, पेटी फुटली तर ही जास्तीची वाळू. "बाकी काही करू नका," ती म्हणाली. दाजींना हे वाक्य जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना काहीतरी करायचाच पगार मिळालेला.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "जना, पोरीनं माझ्यावर टाकलंय," म्हणाले. फोन ठेवायच्या आधी तेच पुन्हा म्हणाले. मला फार बरं वाटलं.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. दाजी फवारणीला जाताना हात धुवायचे आणि फवारून आल्यावरही धुवायचे. मग एके दिवशी त्यांनी खिशातलं भिंग काढलं, आणि इथंच घोटाळा झाला. हिरव्या झालरीच्या आत त्यांना काळे ठिपके दिसले. काळे म्हणजे काळपट निळे, खसखशीएवढे, प्रत्येक रोपात. वर नाही, आत. टॉर्च मारून बघितलं. पाण्यात बघितलं तर आणखी ठळक. ज्या माणसानं उभं आयुष्य पाण्यातले ठिपके शोधून मारले, त्यानं ह्याचा अर्थ काय लावावा? मी असतो तरी तोच लावला असता.

फोन करून विचारता आलं असतं. पण सुरुचीच्या वडिलांना त्याच दिवशी ऑपरेशनला आत घेतलं होतं. "तिकडं बाप टेबलावर, आन् म्या हिकडं झाडाचं रडगाणं लावू व्हय?" असं दाजी मला नंतर म्हणाले. तो विचार चांगल्या माणसाचाच होता.

त्यांनी अक्काची भरतकामाची कात्री उकळली. एक पेटी उकळत्या पाण्यानं धुतली. जास्तीची वाळू होती, तीही उकळून घेतली. मग दिवसभर खुर्चीत बसून, भिंग डोळ्याला लावून, त्यांनी ठिपका असलेला प्रत्येक तुकडा कापून काढला. बिनठिपक्याचे जे तुकडे उरले ते उकळलेल्या वाळूवर ओळीनं मांडले. तीन पेट्यांचं एका पेटीत आलं. बाटलीतलं पाणीसुद्धा त्यांनी उकळून गार केलं. कापलेलं सगळं कागदात घट्ट बांधून अक्काकडे दिलं आणि सांगितलं, "हे कचऱ्याच्या गाडीत टाक. उघडू नगंस. सांसर्गिक हाय."

मी गेलो तेव्हा मला पेटी दाखवली. स्वच्छ वाळूवर हिरव्यागार नखाएवढ्या तुकड्यांची रांग. एखाद्या परेडसारखी दिसत होती, मला तर आवडलीच. "वाचवली बघ," दाजी म्हणाले. मीही पाठ थोपटली.

थोडे दिवस गेले आणि तुकडे फिके पडायला लागले. हिरव्याचं पोपटी झालं, पोपटीचं पिवळं. पिवळा रंग बघून आयुष्यभर खूश होणारा माणूस तो पिवळा बघून जेवेना. अजून कुठंतरी जंतू राहिला म्हणून त्यांनी वाळू पुन्हा धुतली. तुकडे आणखी फिके झाले. कडेचे काही तर पांढरे होऊन वाळूला चिकटून गेले.

तिकडे सुरुचीचे वडील काठी घेऊन उभे राहायला लागले आणि तिनं पहिल्यांदाच निवांत व्हिडिओ कॉल केला. मी शेजारी बसलो होतो. "बाबा, बॉक्स दाखवता?"

दाजींनी फोन पेटीसमोर धरला.

"बाबा, ठिपके कुठे गेले?"

"ते काढलं म्या," दाजी म्हणाले. "रोग हुता. येकबी ठेवला न्हाई."

"ते रोग नव्हतं बाबा." ती शब्द शोधत सावकाश बोलत होती. "मतलब, जीवाणूच होते ते. नॉस्टॉक म्हणतात. पण ते त्याच्या आतच राहतात, घर करून. हवेतला नायट्रोजन घेतात आणि ह्याला खायला देतात. हे त्यांना जागा देतं, साखर देतं. त्या वाळूत तर खायला काहीच नाहीये. मी मुद्दामच तशी ठेवली होती."

"मंग हे पिवळं?"

"हे उपाशी आहे बाबा."

दाजींनी फोन माझ्याकडे दिला. तिनं विचारलं, कापलेलं कुठं आहे? दाजी म्हणाले, कचऱ्याच्या गाडीत गेलं, तेव्हाच. मग ती म्हणाली, "ठीक आहे बाबा. राहू द्या. गरमी खूप आहे ना तिकडे, तुम्ही पाणी पीत आहात ना?" आणि फोन ठेवला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. साहेबांचं ओरडणं दाजींनी पचवलेलं होतं. ते पेटीसमोर बसून राहिले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "जना, तिनं मला पाणी पिताय का इचारलं." त्या क्षणी मला त्यांची इतकी दया आली की मी उठून कूलरचा वेग वाढवला, बाकी काय करणार.

अक्काला ह्यातलं काही सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. जिला जन्मभर कुंडीतल्या फुलांवरून बोललो, तिच्यासमोर कुठल्या तोंडानं सांगू, असं त्यांचं म्हणणं. आणि दुसऱ्या दिवशी घरात जाहीर केलं की मी आणि जना आबूला देवीच्या दर्शनाला जातोय. अक्का चाट पडली. देवळाच्या पायरीवर सगळ्यांचे अनवाणी पाय पडतात म्हणून हा माणूस देवळात जात नाही, तो मे महिन्यात देवीला निघाला. पण तिनं दशम्या बांधून दिल्या आणि प्रसाद आणायला सांगितलं.

दाजींच्या रेल्वेच्या पासवर आम्ही आबू रोडला उतरलो आणि जीपनं वर गेलो. सुरुचीनं सांगितलेली खूण दाजींच्या लक्षात होती. देऊळ सापडलं, ओढा म्हणजे गोट्यांची रांग होती आणि त्याच्या काठाला सिमेंटचं मैदान, त्यावर गाड्या. सिमेंट जिथं संपत होतं तिथं थोडा उघडा दगड उरला होता, तापलेला, कोरडा ठणठणीत. दाजी गुडघ्यांवर बसले आणि भिंग लावून एकेक भेग बघायला लागले. येणारेजाणारे विचारायचे, "क्या खो गया, बाबूजी?" दाजी मान वर न करता म्हणायचे, "कुछ नहीं, भैया." दगडावर काळी खपली होती ती त्यांनी नखानं काढून कागदात घेतली. ती नुसती धूळ होती, हे त्यांनाही कळत होतं.

ऊन उतरल्यावर आम्ही टपरीवर बसलो. पोऱ्यानं विचारायच्या आधीच दाजींच्या हातात चहा दिला आणि दाजी तो प्यायले. काचेचा ग्लास, बादलीत बुचकळून काढलेला, बाहेरच्या पाण्याचा चहा. चाळीस वर्षांत मी त्यांना असं पिताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

"जना," ते म्हणाले, "म्या जल्मभर मारतच आलो. जंतू म्हंजी मारायचा. त्यात आपला कुठला, परका कुठला, हे बघायचं आसतं, आसं मला कुणी सांगितलंच न्हाई. पोरीनं येकदा हात पुढं केला हुता. आता ती परत न्हाई करायची."

मी म्हणालो, करेल. पण मलाही ते फारसं खरं वाटत नव्हतं.

घरी आलो. चपला बाहेर, हात धुणं, सगळं झालं. अक्का पदर खोचून उभी. "परसाद कुठाय?"

आम्ही दोघंही प्रसाद विसरलो होतो. फौजेत मला शत्रूच्या हाती लागल्यावर काय करायचं ते शिकवलं होतं, पण ते अक्कासमोर चालत नाही. मी दाजींकडे बघितलं. दाजी पलंगावर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, ठिपक्यांपासून टपरीवरच्या चहापर्यंत. सांगताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

अक्का ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग तो गेला आणि तिथं भीती आली. हे काही मला समजेना.

"म्या काय सांगितलं तर रागावणार न्हाई न्हवं?" ती दाजींना म्हणाली.

"आता कुणावर रागवू?"

"ती पुडी म्या गाडीत टाकली न्हाई."

दाजींनी मान वर केली.

"हिरवं हुतं आतनं," अक्का म्हणाली. "वलं हुतं, जितं हुतं. जितं हिरवं कचऱ्यात कसं टाकायचं? आमच्यात न्हाई टाकत. निर्माल्य टाकते तितं टाकलं."

"निर्माल्य? आन् ते कुठं टाकतीस तू?"

अक्का मागच्या बाल्कनीकडे निघाली. आम्ही तिच्या मागं. खिडकीला लोखंडी घोडीवर कूलर बसवलेला, त्याच्या मागं भिंतीशी हातभर अंधारी जागा. तिथं फुटलेल्या माठाचं बूड ठेवलेलं होतं. त्यात माती, कुजलेली झेंडूची फुलं, तुळशीची पानं, आणि वरून कूलरचं पाणी थेंब थेंब गळत होतं. अक्का कित्येक वर्षं देवाची फुलं तिथं लपवत होती. ज्या माणसानं अर्ध्या राजस्थानच्या टाक्यांत डोकावून बघितलं, त्यानं स्वतःच्या कूलरमागं कधी डोकावलं नव्हतं.

दाजी पोटावर आडवे झाले. टॉर्च लावला. माठाच्या कडेला, काळ्या मातीवर, त्या सगळ्या कुजकाटात, सुरुचीचे तुकडे पसरले होते. पिवळे नाहीत, पांढरे नाहीत, गर्द हिरवे. आणि प्रत्येकात काळे ठिपके.

दाजींनी टॉर्च एकेका तुकड्यावरून फिरवला. मग म्हणाले, "पळी आण."

माठाच्या एका अंगाला पाणी साठलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मला वाटलं, संपलं, आता अळ्या मारायला वरून रॉकेल ओतणार. अक्कानंही माझा हात धरला. पण दाजींनी पळी बुडवली, एक अळी काढली, बाहेर टाकली. पुन्हा बुडवली, पुन्हा एक काढली. पाणी ढवळू न देता, मातीला धक्का न लावता, एकेक करून त्यांनी सगळ्या अळ्या वेचल्या. मग उठून बसले, कंबर धरून. अक्काला म्हणाले, "उद्यापासनं फुलं हितंच टाकत जा. पाणी तेवढं साठू दिऊ नगंस." अक्कानं मान हलवली आणि आत जाऊन तिनं आमच्यासाठी पिठलं टाकलं. त्या रात्री दाजी पोटभर जेवले.

सुरुचीला फोनवर काही सांगितलं नाही. ती आल्यावरच दाखवायचं, असं दाजींनी ठरवलं. खरं तर त्यांना फोनवर बोलायची भीती वाटत होती.

ती आली तेव्हा दारात तसाच आवाज आला, "चपला भाईर," पण फार हळू. दाजी तिला बाल्कनीत घेऊन गेले आणि टॉर्च तिच्या हातात दिला. ती वाकली, बघितलं आणि खाली फरशीवरच बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "म्या न्हाई हो काय केलं, म्या नुसतं टाकलं." दाजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

तिनं काम चालू केलं. माठातले तुकडे धुऊन दोन पेट्यांत लावले. दाजींनी स्वच्छ केलेल्या तुकड्यांपैकी बरेचसे मेले होते. जे थोडे फिकट उरले होते ते तिच्या अभ्यासाला उपयोगाचे नव्हते, तिनं तसं स्पष्ट सांगितलं. पण टाकले नाहीत. त्यांच्याच पेटीत, त्यांच्या शेजारी, ठिपक्यांचा एक तुकडा ठेवला आणि पाणी फवारलं.

"आता काय व्हनार?" दाजींनी विचारलं.

"बघू या. हे उपाशी असलं ना बाबा, की पाण्यात काहीतरी सोडतं. हाक मारल्यासारखं. मग नॉस्टॉक सरकत सरकत येतो. ह्याच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, दारं समजा. तिथून आत जातो."

"त्या दारातनं दुसरा कुणी वंगाळ शिरला तर?"

"शिरतो कधीकधी," ती म्हणाली. "पण दारच नसेल तर हा कसा येणार?"

त्यानंतर रोज सकाळी दाजी पेटीसमोर खुर्ची घेऊन बसायचे, भिंग डोळ्याला. कात्री अक्कानं तिच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं, ते मी मुद्दाम सांगतो.

एका सकाळी फोन आला. "जना, ये. आत्ता ये." मी धावत गेलो, बेल वाजवली. दार उघडंच होतं आणि आतून कसलाही आवाज आला नाही. मी चपला घालून उंबऱ्यावर उभा राहिलो, वाट बघत. शेवटी माझ्या मीच काढल्या.

दाजी, अक्का आणि सुरुची, तिघंही पेटीभोवती होते. दाजींनी भिंग माझ्याकडे दिलं. फिकट तुकड्यांतल्या एकाच्या कडेला, आत, सुईच्या टोकाएवढा निळसर काळा ठिपका होता. त्याच्या आजूबाजूला थोडंसं हिरवं धरलं होतं. एवढंच. पण मी भिंग परत द्यायचंच विसरलो.

"आला की रं," दाजी म्हणाले. "आपल्या आपण आला."

सुरुची म्हणाली, "हो बाबा. आला."

मग दाजी खुर्चीतून उठले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझं ते डबं. युनिव्हर्सिटीत हाईत ते. यंत्र आजून बंदच हाय न्हवं? हितं घिऊन ये."

"सगळे?"

"सगळं."

"मातीचे आहेत बाबा." ती जरा थांबली. "गच्चीवर ठेवू?"

तिच्या मनात टोमणा नव्हता, मला खात्री आहे. तिला खरंच तेवढंच माहीत होतं. पण दाजींना तो लागला. अक्का पुढं होऊन काही बोलणार, एवढ्यात ते म्हणाले, "गच्चीवर ऊन लागतं. हितं ठिव, आत."

मागच्या खोलीत भिंतीतलं एक मोठं कपाट आहे. त्यात दाजींच्या फिनेलच्या बाटल्या, ब्लीचिंग पावडरचे डबे, औषधांच्या कुप्या, सगळा नोकरीचा दारूगोळा. दाजींनी कपाट उघडलं आणि एकेक बाटली बाहेर काढायला लागले. मी मदतीला गेलो तर मला बाजूला केलं. दोन्ही हातांत बाटल्या घेऊन ते घरातून चालत गेले, दाराबाहेर वाकले आणि त्या आमच्या चपलांच्या शेजारी ओळीनं ठेवल्या.